शेपूट नसलेलं पान

१

सातवीच्या वर्गात समर्थ धडा वाचत होता. वाचता वाचता त्याचं बोट अडखळलं, तसा तो सवयीनं म्हणाला, "शेपूट, सर," आणि खालच्या ओळीवर जाऊन पुढं वाचू लागला.

मुळाकाठ निवासी अंध विद्यालयात हे रोजचंच होतं. ब्रेल छापायचं मशीन कुणा दानशूर माणसानं दिलेलं. पण आल्या दिवसापासून त्याला एक खोड होती. चार-दोन ओळींआड ओळीच्या टोकाची एक-दोन अक्षरं कागदावर मावायची नाहीत, ती तुटून खाली रिकाम्या ओळीवर एकटीच पडायची. पोरांनी त्याचं नाव ठेवलं शेपूट. धर्माच्या गाईचे दात कुणी मोजावेत? पोरं शेपटासकट वाचायला शिकली आणि भीमराज सरही शिकले. सर स्वतः जन्मांध, मूळचे खर्ड्याचे. मराठी आणि इतिहास शिकवायचे आणि नुसत्या पावलांच्या आवाजावरून माणसाचा नूर ओळखायचे.

त्यामुळे व्हरांड्यातून धाडधाड येणारी पावलं ऐकताच त्यांनी समर्थला थांबवलं. "अधीक्षकसाहेब तापलेले दिसतात," ते पुटपुटले.

"सर, ऑफिसात चला!" रंगनाथअण्णांचा आवाज चिरकला होता. "तुमच्या लाडक्या रश्मीचे प्रताप बघा. सोमवारचा अख्खा पेपर तिच्या पेटीत सापडला!"

सरांनी काठी घेतली, पण उठताना तिचं टोक बाकाला दोनदा आपटलं. असं त्यांचं कधी होत नसे.

२

सोमवारची परीक्षा साधी नव्हती. मशीनची खोली आजवर मोनिका मॅडम सांभाळत. डोळस, हुशार बाई, रोज नगरहून एसटीनं यायच्या, दर वर्षी कंत्राट वाढवून घ्यायच्या. यंदा संस्थेनं ठरवलं, ही जागा कायमची करायची आणि याच शाळेत शिकलेल्या अंध मुलाला किंवा मुलीला द्यायची. सकाळी लेखी पेपर, दुपारी मशीनवर प्रॅक्टिकल. परीक्षेला दोघंच बसले, पार्थ आणि रश्मी. काल संध्याकाळी निकाल आला आणि रश्मी पहिली आली.

रश्मी पारनेर तालुक्यातली. घरी तिला 'बिनकामाची' म्हणायचे, तेही तिच्यासमोर. नोकरी लागली नाही तर परत जाऊन ओसरीच्या कोपऱ्यात बसायचं आणि मरेपर्यंत दुसऱ्याच्या हातचं खायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ऑफिसात ती भिंतीला टेकून रडत होती. "सर, मी न्हाई केलं वो. आईशप्पत न्हाई."

"पेपरची फाईल रविवारीच कॉम्प्युटरवर आली होती," अण्णा म्हणाले. "आणि रविवारी दिवसभर ही सरावाच्या नावाखाली तिथंच होती. घेतला असेल छापून. आपण इथं विश्वासानं कारभार करायचा आणि... आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय!"

बोलून झाल्यावर अण्णांनी जीभ चावली.

"म्हण बरोबर आहे, अण्णा," भीमराज सर शांतपणे म्हणाले. "आता कुत्रं कोणतं, तेवढं बघायचं राहिलंय. काय ठरवलंय तुम्ही?"

"पेपर फुटला म्हणजे परीक्षा रद्द. जागा यंदा भरायची नाही, मॅडमना अजून एक वर्ष वाढवून देऊ. आणि ही शनिवारी घरी जाईल. तिच्या वडिलांना, रखमाजींना फोन लावतोच आता."

"फोन उद्या संध्याकाळी लावा. ते कागद माझ्याकडे द्या."

अण्णांनी कुरकुर केली, पण दिले. बाहेर पडताना सरांनी रश्मीला हळूच विचारलं, "पोरी, मशीनच्या खोलीत सराव आणि परीक्षेशिवाय दुसरं काही केलंस का?"

रडणं एकदम थांबलं.

"न्हाई, सर," ती म्हणाली. सरांनी ओळखलं, पोरगी खोटं बोलत होती.

३

सर आपल्या खोलीत कागद घेऊन बसले. सोमवारचा पेपर त्यांनीच परीक्षेनंतर मागून घेतला होता, तो डाव्या हाताला आणि पेटीतला उजव्या हाताला. दोन्हींतला शब्द न् शब्द तोच. मशीनची एक सुई झिजलेली, त्यामुळं खालचा डावा ठिपका नेहमी पुसट उठायचा. तो दोन्हींकडे पुसट. म्हणजे छापले याच मशीनवर, हातानं टोचलेले नव्हेत. रश्मीच्या विरुद्ध सगळं कसं चोख बसत होतं.

तरी काहीतरी खटकत होतं. पेटीतला पेपर त्यांनी भराभर वाचून संपवला होता, कुठं न थांबता. जेवणात खडा लागला तर माणसाला कळतं, पण खडा लागला नाही हे कुणाच्या ध्यानात येतं? सरांच्याही आलं नाही. कागद उशाला ठेवून ते मुक्ताबाईंकडे गेले.

मुक्ताबाई वसतिगृह सांभाळत आणि स्वयंपाकही बघत. भाकरी थापता थापताच त्या बोलू लागल्या.

"दर गुरुवारी पेट्या उन्हात घालती मी. ढेकनांचा काय नेम सांगावा? रश्मीची गोधडी झटकली तर हे कागद पडले. मला काय कळतंय त्यातलं? म्या परत ठिवत हुते. तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी हातात घेतले आन् म्हनल्या, अगं बाई, ह्यो तर सोमवारचा पेपर! मग अण्णांना बोलावलं. अण्णांनी वरची एक ओळ डोळ्यांनी कशीबशी लावली, म्हनले व्हय."

"पेटीला कुलूप नव्हतं?"

"तिचं मोडलंय दिवाळीपासनं. समद्यांला ठावं हाय." तव्यावर भाकरी फुगली, तशी मुक्ताबाईंनी नाक ओढलं. "लई गुनाची पोर हाय वो. तिला वाचवा."

पार्थ व्हरांड्यात सापडला. तो रंगनाथअण्णांचा सख्खा भाचा, त्यामुळं शाळेत कुजबूज सुरू झालीच होती. त्यालाही ती पोचली होती.

"सर, मला ठाऊक हाय, समदे माझ्याकडंच बोट दावत्यात. पन परीक्षाच रद्द झाली तर मला काय मिळालं? घंटा!" तो तडकला, मग वरमला. "माफ करा. रश्मी माझ्यापेक्षा हुशार हाय. प्रॅक्टिकलला माझ्यानंतर आत गेली आन् माझ्या निम्म्या वेळात बाहेर आली."

"परीक्षेनंतर मशीन कधी वाजलेलं ऐकलंस?"

मशीन छापायला लागलं की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज व्हायचा. या शाळेत तो कुणाच्या कानातून सुटणं शक्यच नव्हतं.

"मंगळवारी सांजच्याला, जेवताना. थोडाच वेळ वाजलं. आमी समदे पंगतीत हुतो. मामा मुक्तामावशीवर ओरडत हुता, आमटीत मीठ न्हाई म्हनून."

मोनिका मॅडम मशीनच्या खोलीतच होत्या. त्यांनी सरांना खुर्ची दिली.

"मला फार वाईट वाटतंय, सर. मीच शिकवलंय तिला," त्या म्हणाल्या. "पण सापडलं ते सापडलं."

"मंगळवारी संध्याकाळी मशीन कुणी लावलं होतं?"

"मीच. आठवीचा इतिहासाचा धडा छापायचा राहिला होता ना. शेवटची एसटी गाठेपर्यंत पळापळ झाली नुसती."

सर मान हलवून उठले. आठवीला इतिहास शिकवणारे तेच. तो धडा त्यांच्या हातात अजून आला नव्हता. पण कामाच्या रगाड्यात एखादा गठ्ठा राहतोही, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि दाराशी पोचतात तोच सातवीचा समर्थ येऊन धडकला.

"सर, तुम्ही सकाळी अर्ध्यातून गेलात. धडा पूर्ण वाचू का? आता दोनच शेपटं राहिलीत."

भीमराज सर जागच्या जागी थबकले. मग काठीचंही भान न ठेवता भिंत चाचपत आपल्या खोलीकडे धावले. उशाचे कागद काढून त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवलं. मग पुन्हा एकदा फिरवलं.

पेटीत सापडलेल्या पेपरला एकही शेपूट नव्हतं.

४

रश्मी चिंचेखालच्या पारावर बसली होती. सर शेजारी बसले. त्यांनी विचारलं ते असं, "पोरी, मशीनचं शेपूट कुणी कापलं?"

रश्मी पारावरच थोडी दूर सरकली.

"मी अण्णांना सांगायला नाही आलो. तुझं भलं कशात आहे ते मला शोधायचंय. बोल आता."

"मी कापलं," रश्मी कुजबुजली. "सोमवारी प्रॅक्टिकलला. एक पान लिहून छापा म्हनले हुते. मी छापायच्या आधी ड्रायव्हर उघडला."

"तो काय असतो, मला नीट सांग."

आता रश्मीच्या आवाजात जरा जीव आला. "सर, कॉम्प्युटर एक भाषा बोलतोय आन् मशीन दुसरी. मधी दुभाष्या लागतोय, त्यो ड्रायव्हर. आपल्या ड्रायव्हरला कुनीतरी सांगून ठिवलं हुतं की कागद रुंद हाय, एका ओळीत दोन अक्षरं जास्त मावत्यात. कागद तर तेवढा न्हाई. मग मशीन काय करनार बिचारं? उरलेली दोन अक्षरं खाली टाकायचं. मी नुसता आकडा बदलला. स्क्रीन वाचनारा आवाज समदं सांगतोय की कानात. पान छापून काढलं तर एकदम सरळ. मला इतकं बरं वाटलं, सर!"

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"अण्णांनी सांगून ठिवलंय, मशीनच्या सेटिंगला कुनी हात लावला तर शाळंबाहेर काढीन. वाटलं, नोकरी लागली की सांगीन." तिनं मनगटानं नाक पुसलं. "आन् आज तर समदे चोरच म्हनायला लागले. त्यात हे सांगितलं असतं तर?"

सरांनी पेटीतला कागद तिच्या हातात ठेवला. अण्णांनी तो तिला शिवूही दिला नव्हता. रश्मीचं बोट पहिल्या ओळीवरून सरकलं, दुसरीवरून सरकलं आणि तिसरीच्या टोकाशी जाऊन थांबलं.

"सर," ती ताडकन उठली, "हे तर माझ्या नंतरचं हाय!"

"आहे ना? आता कुठं बोलू नकोस." सर म्हणाले. त्यांना खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण आता एक नाव त्यांच्या मनात वर येत होतं, आणि ते नाव त्यांना नको होतं.

५

शुक्रवारी दुपारी सरांनी सगळ्यांना मशीनच्या खोलीत बोलावलं. अण्णा प्रॅक्टिकलच्या पानांचं पाकीट घेऊन आले आणि येतानाच बडबडत आले. पार्थ, रश्मी, मुक्ताबाई आणि मोनिका मॅडम आधीच आले होते.

"पार्थ, पाकिटातली दोन्ही पानं बघ," सर म्हणाले. "आधी तुझं, मग हिचं."

पार्थची बोटं फिरली. "माझ्यात शेपटं हायेत, नेहमीसारखी. हिच्यात..." तो चपापला. "हिच्यात एक बी न्हाई!"

"कसली शेपटं?" अण्णा वैतागले. "मला तर ठिपकेच दिसतायत."

सरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. रश्मीनं केलेली दुरुस्तीही सांगितली. अण्णा उसळले, तसे सर म्हणाले, "रागवा, पण नंतर. सोमवारी सकाळी छापलेल्या पेपरला शेपटं आहेत. दुपारी पार्थच्या पानाला आहेत. लगेच मागून रश्मीनं ड्रायव्हर सुधारला आणि शेपटं गेली. आता पेटीतला पेपर बघा. शेपूट नाही. म्हणजे तो रविवारी छापलाच नव्हता. तो छापला परीक्षा आटोपल्यावर."

"मग तिनंच नंतर छापला असेल!"

"कशाला, अण्णा? वरातीमागून घोडं? परीक्षा देऊन आलेली मुलगी तोच पेपर छापून, बिनकुलपाच्या पेटीत ठेवून, गुरुवारच्या उन्हाची वाट बघत बसेल का?"

अण्णांचा आवेश ओसरला. ते खुर्चीवर बसले.

"छापणाऱ्याला मशीन सुधारल्याचं कळलंच नाही," सर सांगत राहिले. "पार्थनं छापलं असतं तर त्याला बोट ठेवताक्षणी कळलं असतं. या घरातल्या कुणाही आंधळ्याला कळलं असतं. म्हणजे हे काम डोळसाचं. मंगळवारी मशीन वाजलं तेव्हा अण्णा पंगतीत मिठावरून ओरडत होते आणि मुक्ताबाई ते ऐकून घेत होत्या."

"मीठ घातलं हुतं मी," मुक्ताबाई पुटपुटल्या.

मोनिका मॅडमची खुर्ची करकरली. "सर, मी सांगितलंय तुम्हाला. मी आठवीचा धडा छापत होते."

"तो धडा मला मिळाला नाही, मॅडम. पण ते राहू द्या. हे दोन कागद घ्या. यातला एक सातवीचा धडा आहे आणि दुसरा सोमवारचा पेपर. पेपर कुठला ते सांगा."

कागदांची नुसती सळसळ झाली. मग दोन्ही कागद टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"मला ब्रेल येत नाही, सर. तुम्हाला माहीत आहे. मी स्क्रीनवर बघून काम करते."

"माहीत आहे. म्हणून तर विचारतो." भीमराज सरांचा आवाज खाली आला. "मग गुरुवारी अंगणात, मुक्ताबाईंच्या हातातले ठिपक्यांचे कागद घेऊन, तुम्ही एका दमात कसं सांगितलंत की हा सोमवारचा पेपर आहे?"

मग मॅडम रडू लागल्या. हमसून नाही, तोंडावर पदर दाबून.

"दर मार्चला मी अण्णांपुढं हात जोडून उभी राहते," त्या म्हणाल्या. "या वर्षी कळलं, पुढच्या मार्चला हात जोडायचीही सोय नाही. घरात मी एकटीच मिळवती आहे. परीक्षा रद्द झाली तर एक वर्ष मिळेल, इतकंच डोक्यात होतं. फाईल कॉम्प्युटरवर होतीच."

"आणि रश्मीच का?" पार्थनं विचारलं.

"निकालसुद्धा लागला नव्हता तेव्हा. रश्मीवर माझा राग नव्हता रे." त्या थांबल्या. "तिची पेटी बिनकुलपाची होती."

रश्मीनं हात पुढं करून सरांचं कोपर घट्ट धरलं. इतकी वर्षं जिच्याकडून शिकली तिनं रागापोटीसुद्धा नव्हे, तर नुसती सोय म्हणून आपलं आयुष्य मोडायला काढलं, हे तिला सोसवेना. सरांनी तो हात धरून ठेवला.

६

शनिवारी नोकरीचा कागद रश्मीला मिळाला. अण्णांनी तो स्वतः वाचून दाखवला आणि वर, "सेटिंगला हात लावायचा असेल तर आता तूच लाव बाई," असं म्हणून ते निघून गेले. एवढीच त्यांची माफी. मोनिका मॅडमविरुद्ध तक्रार करू नका असं रश्मी म्हणाली, आणि अण्णांनाही शाळेचा गाजावाजा नको होता. मॅडमनी राजीनामा दिला.

दुपारी त्या आपलं सामान न्यायला आल्या. भीमराज सर मशीनशेजारी बसून रश्मीचं पहिलं काम तपासत होते, तोच आठवीचा इतिहासाचा धडा. ते उठून जाणार होते, पण रश्मीनं त्यांचा शर्ट धरला, म्हणून थांबले.

मॅडमनी डबा पिशवीत टाकला, चष्म्याचं घर टाकलं. त्या दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

"इतकी वर्षं मी छापत होते," त्या म्हणाल्या. "स्क्रीनवर प्रत्येक ओळ सरळ दिसायची मला. रोज पोरं माझ्यासमोर अडखळत वाचायची आणि मला वाटायचं, कच्ची आहेत. रश्मी, मला एकदा तरी सांगायचं होतंस. मी दुरुस्त केलं असतं गं. कुणीच कसं बोललं नाही?"

रश्मीच्या मनात राग होता, तो गेला नव्हता. पण तिला खोटं बोलता येत नसे, आणि एकदा बोलली होती ते तिला चांगलंच महागात पडलं होतं.

"आमाला वाटलं, तुमाला दिसत आसंल," ती म्हणाली.

मॅडमची पिशवी खाली टेकल्याचा आवाज आला. मग पावलं जवळ आली.

"कुठं असायचं ते?" त्यांनी विचारलं.

रश्मीनं सातवीचा जुना धडा ओढला. मॅडमचा हात चाचपून घेतला, त्यांची तर्जनी पहिल्या ओळीवर टेकवली आणि हळूहळू सरकवत नेली. ओळीचं टोक आलं, बोट कडेवरून घसरलं. रश्मीनं ते खालच्या रिकाम्या ओळीवर आणून ठेवलं. तिथं दोन अक्षरं एकटीच पडली होती.

मॅडम बराच वेळ बोट तिथंच ठेवून उभ्या राहिल्या. बाहेर नगरच्या एसटीचा हॉर्न वाजला, तरी त्यांनी ते उचललं नाही.